येळवशीचा दुसरा दिवस

परवा बसवकल्याणहून बीदरला येताना आमची बस पंक्चर झाली. सगळे उतरले तसा मीही उतरलो आणि रस्त्याच्या कडेला, गुडघ्याएवढ्या पिवळ्या गवतात जाऊन उभा राहिलो. पाच-सात मिनिटं असेन. घरी येऊन पायमोजे काढले तर टाचेपाशी कुसळ. काळसर, शेपटीला पीळ पडलेलं. हे कुसळ ओलं झालं की त्याचा पीळ उलगडतो, ते स्वतःभोवती फिरतं आणि टोक आत आत जातं. जमिनीत बी पेरायची ही गवताची रीत. पूर्वी मी गावोगावी हे लोकांना करून दाखवायचो. तळहातावर कुसळ ठेवायचं आणि वर पाण्याचा एक थेंब सोडायचा. कुसळ वळवळायला लागलं की पुढं बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "अगं, सर जादू करायलेत की!"

आता कुणाला दाखवत नाही. मोज्यातलं कुसळ ओढायला गेलो तर अर्धं आतच मोडलं. बायको म्हणाली, "फेकून द्या तो मोजा." मी दुसऱ्या दिवशी तोच घातला.

मार्गशीर्ष आहे. आमच्या नौबादच्या घराच्या गच्चीवरून सकाळी बघितलं तर माळाची कड दिसते, कुणी सुरीनं कापल्यासारखी. बीदरचं सगळं पठारच तसं. वर सपाट आणि तांबडं, कडेला एकदम तुटलेलं, खाली काळी रानं. काळ्या रानात या दिवसांत जोंधळा छातीला लागतो, तुरीच्या शेंगा भरतात, हरभऱ्यातून पहाटे चालत गेलं तर पानांवरच्या आंबट दवानं, आंबेनं, पाय खाजतात. वर माळावर मात्र एकच रंग. वारा आला की तो पिवळा रंग एका अंगानं पांढरट होत जातो आणि वारा गेला की पुन्हा पिवळा. भोवत्या येतात, लांबच्या थंड मुलखातून आलेले शिकारी पक्षी, गवताला पोट घासल्यासारखे उडतात. आणि येळवस येते. लातूर-उदगीरपासून इकडं भालकी, कलबुर्गीपर्यंत त्या अमावास्येला गावात माणूस राहत नाही, सगळे रानात असतात. कडब्याची कोप, तिच्यात पाच दगडांचे पांडव, मडक्यात आंबील, ढीगभर भाज्यांची आणि शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून बसवतात.

येळवशीचं मला काही वाटत नाही. मला धास्ती असते तिच्या दुसऱ्या दिवसाची.

सरळ सांगून टाकतो. काही वर्षांमागं, अशाच एका पिवळ्या हंगामात, मी एक तळं घालवलं आणि त्याच्याबरोबर एका माणसाचं नाव घालवलं. तळं परत येणार नाही, ते मला भूगोलाचा मास्तर म्हणून कळतं. नावाचं काही करता येतं का, एवढंच अजून चाचपतो आहे.

मी मुळात बोलणारा माणूस नव्हे. घरात भाजी कशी झाली हेसुद्धा मला विचारावं लागतं. पण त्या वर्षी मला आवाज फुटला. त्याची सुरुवात आमच्या नौबादमध्येच झाली. आमच्या घरामागं, जमिनीच्या पोटातून पाणी नेणारी जुनी वाट आहे, सुरंग बावी म्हणतात तिला. तिच्या एका उभ्या तोंडात लोक कचरा टाकायचे. एका रविवारी आम्ही चार-पाच जणांनी तो उपसला. कपडे काळे झाले. बघायला जमलेल्या लोकांना कुणीतरी चार शब्द सांगायला हवेत म्हणून मी सांगायला लागलो: वरचा जांभा दगड चाळणीसारखा आहे, पाऊस पितो, खालचा काळा दगड पाणी आडवतो, दोन्हींच्या सांध्यातून झरा निघतो, आणि जुन्या माणसांनी तो सांधा ओळखून ही वाट खोदली. वीस मिनिटं बोललो. थांबलो तर टाळ्या. मला टाळ्या त्याआधी कधी मिळालेल्या नव्हत्या. मिळाल्यावर कळलं की माणसाला त्या पाणी-भाकरीसारख्या लागू शकतात.

मग दसऱ्यापासून दर रविवारी गावं. दिवसभर माळावरची फेरी: इथं लांडग्याची गुहा, इथं वीरगळ, इथं जुन्या वाटेचे दगड. संध्याकाळी शाळेच्या नाहीतर देवळाच्या अंगणात पांढरी चादर बांधून चित्रं आणि व्याख्यान. बरोबर महानंदाक्का असायच्या, भालकीकडच्या, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. सगळ्या तालुक्यातल्या बाळंतिणी त्यांनी सोडवलेल्या, त्यामुळं कुठल्याही गावात शिरलं की दोन तरुण पाया पडायचे आणि अक्का म्हणायच्या, "हा उलटा आला होता बग, अजून तसाच चालायलाय." मला त्या तम्मा म्हणायच्या, धाकटा भाऊ. माझं व्याख्यान संपलं की परतीच्या गाडीत निकाल लावायच्या.

"तम्मा, ब्येस बोल्लास. पर कुनाला काय विचारलास का?"

"म्हणजे?"

"म्हंजे लोकाच्याच गावात जाऊन लोकालाच सांगायलास, तुमच्याकडं काय हाय. येकदा त्यानला बी विचार की."

मी हसलो. अक्कांच्या बोलण्यावर हसायचं असतं असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

भालकीच्या पलीकडं, माळाच्या कडेला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, वाचलं तर तिथले लोक ओळखतील. गावावरच्या माळात एक तळं होतं. खूप जुनं. एका बाजूला जांभ्याच्या पंधरा-सोळा पायऱ्या, पावलांनी मधोमध खोलगट झालेल्या. पाणी कायम दुधट दिसायचं, म्हणून पांढरं तळं. सगळा माळ चाळणीचा, आणि त्या चाळणीवर पाणी उभं. याचं आश्चर्य मला भूगोल शिकवणाऱ्याला वाटायला हवं होतं. मला त्याचं फक्त चित्र चांगलं येईल असं वाटलं.

तिथं बीरप्पा भेटला. सत्तरीचा धनगर. खांद्यावर घोंगडी, कपाळाला भंडारा, दात चार. मराठी बोलता बोलता कानडीत जायचा आणि तिकडून परत येताना उर्दूचा एखादा शब्द घेऊन यायचा. पहिल्या भेटीत त्यानं मला लांडग्याची गुहा दाखवली आणि म्हणाला, "लांब्नं बगा सर. बाळंतीन हाय."

"लांडग्यांनी तुमच्या मेंढ्या नेल्या असतील की अप्पा."

"नेतंय की. वरसाला चार-दोन. त्याचा माळ हाय, त्यो काय उपाशी राहील का? आपन बी नव्या घरात गेल्यावर मालकाला कायतरी देतावच की."

हे वाक्य मी त्यानंतर आठ गावांत वापरलं. बीरप्पाचं नाव न घेता.

त्याची रीत अशी होती. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी, तळ्याचं पाणी मध्यापर्यंत आटलेलं आणि भोवती चिखल असायचा तेव्हा, माळावरचे सगळे धनगर आपापले कळप घेऊन यायचे आणि बीरप्पा ते तळ्यात उतरवायचा. पाच-सहाशे मेंढ्या. सकाळच्या उन्हापासून दुपार कलेपर्यंत गोल गोल. मागं बीरप्पा मांडीएवढ्या चिखलात, तोंडानं हुर्र हुर्र करत. मेंढ्यांचा, लेंड्यांचा, उकरलेल्या चिखलाचा वास अर्ध्या माळावर. शेवटी भंडारा उधळायचा, आदल्या दिवशीचे उंडे वाटायचे. याला तळं तुडवणं म्हणायचे. मी त्याच्या आदल्या वर्षी एकदा ते लांबून पाहिलं होतं, फोटो काढले होते.

ते फोटो मी त्या गावच्या व्याख्यानात दाखवले. चादरीवर एका बाजूला चिखल, लेंड्या आणि खुरांचे ठसे. दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी दूरच्या गावचं निळंशार, कडेनं दगड लावलेलं तळं. म्हणालो, "आपल्या वाडवडिलांनी दिलेला हा ठेवा, आणि आपण त्याचं काय केलंय बघा." टाळ्या पडल्या. बीरप्पा मागं खांबाला टेकून बसला होता. चादरीवर स्वतःचीच पाठ दिसली तेव्हा आधी तो खूश होऊन शेजाऱ्याला सांगत होता, "म्या हाव, म्या." मग माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं असावं. मी तिकडं बघितलं नाही.

गावानं ठरवलं, यंदा मेंढ्या तळ्यात नाहीत. गाळ काढायचा, तळं खोल करायचं, आणि सर सांगतील तसं. पाऊस कमी झाला होता, येळवशीपर्यंत तळं जवळजवळ कोरडं पडलं होतं, त्यामुळं मशीन उतरवायला सोपं. दिवस ठरला तो येळवशीचा दुसरा. लोक मोकळे असतात म्हणून. दुपारी बारा वाजता एक मोठे साहेब बघायला येणार होते.

येळवशीला मी आणि अक्का तिथंच एका शेतात होतो. बीरप्पा आंबिलीची लोटी घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. आम्ही दोघंही न बोलणारे, जमत होतं आमचं.

"सर, येक इच्यारू?"

"विचारा की."

"तुमच्या घरची जिमीन सारवायची का म्हातारी?"

"आई सारवायची. पूर्वी."

"न्हाई सारवलं तर काय व्हतंय?"

"भेगा पडतात. पोपडे निघतात."

"मग," तो म्हणाला, "तळ्याचं बूड कोन सारवनार?"

मला कळलं. उन्हात बसलेलो असताना अंगावरून गार वारा गेल्यासारखं कळलं. चिकण माती ओली असताना तुडवली की घट्ट बसते, तिच्यातली भोकं बुजतात. कुंभार तेच करतो, भिंती बांधणारा तेच करतो. सहाशे मेंढ्यांचे चोवीसशे खूर दरवर्षी त्या चाळणीवर लिंपण घालत होते. मी ज्याला घाण म्हणालो तेच ते तळं होतं. आणि मी ते भर गावासमोर बोलून बसलो होतो, दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. मी बीरप्पाला म्हणालो, "बघू उद्या."

दुसऱ्या दिवशी मशीन चाललं. वरचा काळा गाळ निघाला, लोक ट्रॅक्टर भरून शेतात नेत होते, बाया हळदीकुंकू घेऊन आल्या होत्या. सणाचं वातावरण. बीरप्पा त्याच्या मेंढ्या घेऊन आला होता. अडवेल कोण, पण उतरवल्या नाहीत त्यानं. काठावर कळप धरून उभा राहिला. अकराच्या सुमारास मशीनच्या दातांना पांढरं लागलं. खडूसारखी, लोण्यासारखी पांढरी माती. पंचायतीचे लोक पलीकडच्या काठावर मांडवात. मशीनवाला दूर उत्तरेकडचा, त्याला इथलं काही कळत नव्हतं, तो माझ्या हाताकडं बघून काम करत होता. बीरप्पा पायऱ्या उतरून आला, ती माती हातानं चाचपली, माझी बाही धरली आणि म्हणाला, "साकु सर. साकु. पांढरी लागली. हिच्याखाली चाळनी हाय."

साकु म्हणजे पुरे.

मशीन थांबलं होतं. मशीनवाला वर बघत होता, मी काय सांगतो म्हणून. खड्डा तोवर कमरेएवढाच झाला होता. फोटोत तो खड्डा खड्ड्यासारखाही दिसला नसता. मी एवढंच म्हणायला हवं होतं की थांबा, ही माती ठेवायची आहे. लोकांनी ऐकलं असतं. का थांबा हे मात्र सांगावं लागलं असतं, आणि ते सांगताना, परवा चादरीवर दाखवलं ते चुकीचं होतं, हा म्हातारा बरोबर आहे, हे साहेबांसमोर म्हणावं लागलं असतं.

मी म्हणालो, "अप्पा, बाजूला व्हा, मशीन लागेल." आणि हात वर केला. चालू दे.

बीरप्पानं माझी बाही सोडली. त्या हातावरच्या मातीचा पांढरा ठसा बाहीवर राहिला. साहेब आले तेव्हा मी बाही दुमडून घेतली.

पावसाळ्यात तळं भरलं. आणि चार-पाच दिवसांत माळाच्या खालच्या अंगाचा झरा, जो वर्षानुवर्षं करंगळीएवढा वाहायचा, तो मनगटाएवढा झाला. गावात आनंदीआनंद. मला फोन आले. श्रावणात मला बोलावून घेतलं. झऱ्यावर बायांची गर्दी होती. एक जण म्हणाली, "दुधागत पानी यायलंय सर! देव पावला!" मी ओंजळ भरून पाणी घेतलं. पांढुरकं. जिभेला खडूची चव. वरचं तळं खालून वाहून चाललं होतं आणि जाताना आपली माती घेऊन चाललं होतं. मी ती ओंजळ प्यायलो. मग त्यांनी मला शाल घातली, नारळ दिला. मी दोन्ही घेतलं आणि चार शब्द बोललो.

दसऱ्याला तळ्यात पाणी नव्हतं. दिवाळीला झराही थांबला, आधीची करंगळीसुद्धा राहिली नाही.

माणसाला कारण लागतं. पाऊस झाला होता, म्हणून पावसावर घालता येईना. मारुतीच्या पारावर बैठक बसली, मलाही बोलावलं. तिथं कुणीतरी म्हणालं, "धनगरानं डूक धरला. येळवशीला मेंढ्या अडवल्या म्हणून. रातच्याला जाऊन बुडात पहार घातली असंल." दुसरा म्हणाला, "व्हय, त्या दिवशी बी सरांची बाही धरून भांडायला होता की, आमी बगितलाव." मग सगळे माझ्याकडं वळले. "सर, तुमी शिकल्यालं मानूस. सांगा बगू, पहारीनं तळं फुटतंय का?"

बीरप्पा पाराच्या खाली, चपला काढून बसला होता. त्यानं वर बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, विनवणीही नव्हती. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतं हे ठाऊक असलं की मास्तर जसा वाट बघतो, तसा तो बघत होता.

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

खोटं नव्हतं ते. म्हणून तर इतकी वर्षं पुरलं. बीरप्पा उठला, घोंगडी झटकली, "बरं" म्हणाला आणि गेला. त्या हिवाळ्यात माळावर पाणी नसल्यानं कळप टिकला नाही. संक्रांतीच्या आत मेंढ्या विकल्या. तो कलबुर्गीला लेकीकडं गेला. इतर धनगरही पांगले. गावात मात्र पहार राहिली. पोरंसुद्धा तळ्याच्या बुडातली एक भेग दाखवून सांगायची, ही बीरप्पाच्या पहारीची.

मी बोलणं सोडलं. कुणी बोलावलं की घसा बसला आहे म्हणायचो. अक्का घरी आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आ कर. म्या नर्स हाव, मला दाव घसा." मी तोंड उघडलं नाही. "घशाला काय बी न्हाई तुज्या," त्या म्हणाल्या. चहा न पिता गेल्या.

पुढं काही वर्षांनी त्याच माळावर सोलारच्या पाट्या उभारायचं निघालं. मोठा माळ, सपाट, उन्हाचा. कागदोपत्री पडीक. लोकांचं म्हणणं ऐकायला एक सभा ठेवली होती. मी गेलो, शेवटच्या ओळीत बसलो. पुढून विचारलं, "कुणाला काही बोलायचंय का?" माझ्याकडं सगळं होतं: गवत, भोवत्या, लांडग्याची गुहा, वीरगळ, खालच्या झऱ्याचं गणित. पंखा फिरत होता. माझ्या शेजारच्या माणसानं जांभई दिली. पुन्हा विचारलं. मग कागद पुढं सरकला. पडीक म्हणून जो माळ लिहिला गेला तो माझ्या समोर लिहिला गेला.

दोन वर्षांमागं अक्कांनी मला धरून कलबुर्गीला नेलं. "म्हातारा थकलाय," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावरची खोली. बीरप्पा खाटेवर, पाय लोंबकळत. खाली फरशी. त्याच्या पायांना फरशी शोभत नव्हती. लेक चहा टाकायला आत गेली. मी प्रवासभर जुळवलेलं सगळं एका दमात सांगितलं. मला माती कळली होती. हात मीच वर केला होता. पारावर मला बोलता आलं असतं.

"ठाव हाय की," बीरप्पा म्हणाला. "म्या बाजूलाच व्हतो न्हवं?"

"मग तुम्ही का नाही बोललात अप्पा? सगळ्यांसमोर सांगायचं होतं माझं नाव."

"आन् मग काय?" तो हसला. दात आता एकच. "धनगराला काय, हे न्हाई तर दुसरं गाव. पर तुमी मास्तर. तुमचं नाव गेलं तर माळाचं कोन बोलंल लोकाला? तुमालाच तेवडं बोलाया येतंय." मग जरा पुढं झुकला. "बोलायलाव न्हवं अजून?"

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

"हो," मी म्हणालो.

"तळं तुडवायचं सांगताव का?"

"सांगतो."

"येळवशीच्या दुसऱ्या दिशी म्हनून सांगा. त्याच्या आदी न्हाई, मंग बी न्हाई. ओल मोजून असती." त्याचं समाधान झालेलं दिसलं. चहा आला. बशीत ओतून प्यायला.

जिना उतरताना अक्का म्हणाल्या, "त्यालाच का खोटं बोल्लास, तम्मा?"

गेल्या श्रावणात बीरप्पा गेला. मग मी ठरवलं, निदान तेवढं तरी. अक्कांना घेतलं आणि त्या गावात गेलो. गावाच्या वर चढलो तर माळ नव्हता. काळ्या आरशांच्या रांगाच रांगा, भोवती तार, आत खुरटलेलं गवत. तळं तारेच्या आत. पायऱ्या दिसतात, वरच्या चार. खाली पारावर सात-आठ जण होते. त्यातले बरेचसे त्या दिवशीचेच. मी उभा राहून बोललो. इतक्या वर्षांनी, चादर नाही, चित्रं नाहीत. सगळं सांगितलं, बाही धरल्याचं, साकु म्हणाल्याचं, हात वर केल्याचं. पहार कुणी घातली नाही, घालायची गरजच नव्हती. तळं मी फोडलं.

मग एक म्हातारे गृहस्थ उठले, डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला.

"सर, लई मोठं मन तुमचं. मेल्याल्या मानसाचं पाप सोतावर घेयलाव."

"नाही हो, खरंच मी—"

"आमाला कळतंय की. त्यो गेला, आता त्याला नावं ठिवू नका म्हनायलाव. न्हाई ठिवत." आणि बाकीच्यांकडं वळून, "बगा, मास्तर म्हनत्यात ते ह्यास्नी."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. जितकं सांगत गेलो तितकं त्यांचं तोंड मऊ होत गेलं. एक तरुण म्हणाला, "जाऊ द्या सर, पहार असो न्हाई तर मशीन असो, आता तितं काय हाय?" एवढंच काय ते त्या सकाळी कुणी खरं बोललं. निघताना दुकानातून शाल आणली. मी नको म्हणालो तर ती अक्कांच्या हातात दिली, सरांना घाला म्हणून. अक्कांनी ती घडी न मोडता पिशवीत ठेवली आणि गाडीत बसल्यावर माझ्या मांडीवर आणून टाकली.

"आता काय करशील, तम्मा? तुजी टाळी काय तुला सोडत न्हाई."

ती शाल कपाटात आहे. पहिलीही आहे. आज येळवस. शेजारचे सगळे भालकीकडच्या रानात गेले आहेत, गल्ली रिकामी आहे. उद्या दुसरा दिवस. माळावर मेंढ्या नाहीत, तळ्याला ओल नाही, तारेच्या आत मला कुणी सोडणार नाही. समोर बसलेल्या माणसाला मी काय सांगतो यापेक्षा मी कोण आहे तेच ऐकू येतं. म्हणून जिथं मला कुणाला शाल घालता येणार नाही, अशा जागी लिहून ठेवतो. वाचणारा मला ओळखत नाही, बीरप्पालाही ओळखत नाही. त्यानं फक्त एवढं वाचावं.

बीरप्पानं तळ्यात पहार घातली नाही. तो पुरे म्हणाला होता; मशीनवाला ज्या हाताकडं बघत होता, तो हात माझा होता. उजवा. ज्यानं हे लिहितो आहे तो.